स्वमग्न मुले, त्यांची कुटुंबे व समाजाधार : कोल्हापूर व महाराष्ट्र

स्वमग्नता (ऑटिझम, आत्ममग्नता) ही मेंदूच्या विकासाशी निगडित अशी, बालपणीच प्रकट होणारी व आयुष्यभर टिकणारी अवस्था होय. इतरांशी संवाद साधणे, भाषेचा सामाजिक वापर करणे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणे यांत तीमध्ये अडचण येते. त्याचबरोबर ठरावीक क्रियांची पुनरावृत्ती, नित्यक्रमाचा आग्रह आणि आवाज, प्रकाश, स्पर्श वा चव यांबाबत असाधारण संवेदनशीलता आढळते. एखादे मूल मुळीच बोलत नाही. दुसरे आगगाड्यांच्या वेळापत्रकावर तासन् तास बोलते, पण ‘तुझे नाव काय’ या प्रश्नाला तोच प्रश्न परत म्हणून दाखवते. या विविधतेमुळे ‘स्वमग्नतेचा वर्णपट’ असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. काही मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता वा अपस्मार जोडीने असतो, काहींमध्ये नसतो. स्वमग्नता हा औषधाने बरा होणारा रोग नव्हे. लवकर सुरू केलेले विशेष शिक्षण, वाचोपचार व व्यवसायोपचार यांनी मुलाचे दैनंदिन जीवन बरेच सुकर होते. भारतातील पलवल, कांग्रा, धेनकनाल, हैदराबाद व उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार दोन ते नऊ वर्षांच्या साधारणतः शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. प्रस्तुत लेखात वैद्यकीय बाजू गौण मानली असून, या मुलांना वाढविणाऱ्या कुटुंबांनी समाजाकडून आधार कसा मिळविला व जेथे तो नव्हता तेथे कसा उभारला, याचा मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : स्वमग्नतेचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर पालकांचाच इतिहास आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारज्ञ ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी घडविला. मुलांमधील या अवस्थेचे वर्णन रशियन वैद्य ग्रून्या सुखारेव्हा (१८९१–१९८१) यांनी १९२५ मध्ये केले होते. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील बालमानसोपचारज्ञ लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. या अकरा मुलांतील पहिला मिसिसिपी राज्यातील डॉनल्ड. त्याला कॅनर यांच्याकडे नेण्यापूर्वी त्याच्या वकील वडिलांनी त्याच्या वागण्याचे तपशीलवार वर्णन टंकलिखित केले होते. ते तेहतीस पानांचे होते. कॅनर यांच्या निबंधातील कितीतरी सूक्ष्म निरीक्षणे या पत्रातून आलेली आहेत. म्हणजे या अवस्थेचा पहिला बारकाईचा निरीक्षक एक बाप होता.

पुढील दोन दशकांत मात्र याच पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. मुलांचे आईबाप भावशून्य, थंड असतात, असे कॅनर यांनीच सुचविले होते. ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात हा विचार टोकाला नेला व आईच्या नकारामुळे मूल स्वतःत मिटून जाते, असे मत लोकप्रिय केले. या मताला कोणताही प्रयोगसिद्ध आधार नव्हता. बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ मध्येच त्याचे खंडन केले. पुढच्या वर्षी अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. लंडनमध्ये अशी संघटना १९६२ मध्येच निघाली होती. तिच्या संस्थापकांपैकी लॉर्ना विंग (१९२८–२०१४) या मानसोपचारज्ञ व एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. ‘वर्णपट’ ही कल्पना मुख्यत्वे त्यांचीच. जुळ्या भावंडांवरील १९७७ च्या ब्रिटिश अभ्यासाने अनुवंशाचा वाटा दाखवून दिला आणि आईला दोष देणारी उपपत्ती शास्त्रीय क्षेत्रातून मागे पडली.

घराघरांतून ती गेली असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात तिने देशी रूप घेतले. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, आई नोकरीला जाते, घरात बोलायला माणसे नाहीत, मुलाला दूरदर्शन संचापुढे वा भ्रमणध्वनी हातात देऊन बसविले, अशी कारणे सांगितली जातात व त्या प्रत्येकाचे बोट अखेर आईकडे वळते. लसीकरणामुळे स्वमग्नता येते हा १९९८ चा ब्रिटिश दावाही खोटा ठरला असून तो निबंध संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आहे. तरी त्याची भीती अजून आढळते.

महाराष्ट्रातील आरंभ : मुंबईत होर्मसजी व दीना वकील या पारशी दांपत्याने आपली मुलगी जय हिच्यासाठी व तिच्यासारख्या काही मुलांसाठी १९४४ मध्ये शाळा सुरू केली. जय हिला डाउन लक्षणसमूह होता. याच शाळेतून आजची जय वकील संस्था वाढली. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी ही संस्था निघाली. मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांचीही प्रेरणा त्यांची मुलगीच होती. एका घरातील एका मुलाची अडचण, त्या घराने काढलेली शाळा आणि शाळेभोवती जमलेली इतर घरे, असा क्रम महाराष्ट्रात पुन:पुन्हा दिसतो.

या संस्थांत स्वमग्न मुले होती, परंतु त्या नावाने नव्हती. त्या काळी रूढ असलेला ‘मतिमंद’ हा शब्द (आता तो त्याज्य मानला जातो) सर्वांना लावला जाई. ज्या मुलाला बोलता येत नसे त्याला मूकबधिरांच्या शाळेत धाडले जाई व तेथे त्याला ऐकू येते असे लक्षात आल्यावर परत पाठविले जाई. भारतात स्वमग्नतेपुरती वेगळी चळवळ १९९१ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मेरी बरुआ या मातेने स्थापन केलेल्या ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेने पालकांना शिक्षक म्हणून तयार करण्यावर भर दिला. मुंबईत पालकांचे ‘फोरम फॉर ऑटिझम’ व २००१ मध्ये निघालेले ‘उम्मीद’ बालविकास केंद्र, तर पुण्यात प्रसन्न ऑटिझम केंद्र ही याच प्रवाहातील पुढील नावे होत. ही सर्व केंद्रे महानगरांतील आहेत, ही गोष्ट कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

कोल्हापूर : दुसऱ्यांची मुले सांभाळण्याची परंपरा या नगरीला नवी नाही. शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. बोर्डिंग, तालीम, पेठेतील तरुण मंडळ, सहकारी संस्था, अशा संघटनांच्या जोरावर हे शहर वाढले. तथापि ही सारी व्यवस्था घर सोडून शाळेपर्यंत येऊ शकणाऱ्या मुलासाठी होती. जे मूल उंबऱ्याबाहेर पडले की कान झाकून किंचाळते, जे बाकावर बसत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचली नाही. असे मूल घरातच वाढे. एकत्र कुटुंबात आजी, चुलत्या त्याला सांभाळत आणि गल्ली त्याला ‘साधा’ किंवा ‘वेडसर’ म्हणून ओळखे. हा सांभाळ प्रेमाचा होता, हे नाकारता येणार नाही. पण शिकविण्याजोगे त्यात काही आहे, ही कल्पना मात्र त्यात नव्हती. आणि कुटुंबे विभक्त झाल्यावर तोही आधार आटला.

अपंगांच्या प्रश्नाला कोल्हापुरात सार्वजनिक रूप प्राप्त झाले ते नसीमा हुरजूक यांच्या कार्यामुळे. तरुणपणीच कमरेखाली पांगळ्या झालेल्या हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. त्यांचे चाकाची खुर्ची हे आत्मचरित्र महाराष्ट्रभर वाचले गेले. ही संस्था मुख्यतः शारीरिक अपंगांची. चाकाच्या खुर्चीला उतार हवा, हे समाजाला डोळ्यांनी दिसते. स्वमग्न मुलाला शांतता आणि आगाऊ सूचना हवी असते, हे दिसत नाही. तरीही अपंगत्व ही नशिबाची नव्हे तर व्यवस्थेची बाब आहे, हा विचार जिल्ह्यात रुजविण्याचे श्रेय या कार्याला द्यावे लागते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शेंडा पार्क येथील चेतना विकास मंदिर व शहरातीलच जिज्ञासा विकास मंदिर या शाळा पुढे आल्या. जिल्ह्यातील स्वमग्न मुलांना प्रथम दारे उघडली ती अशा प्रकारच्या विशेष शाळांनी.

कुटुंबातील वाटचाल : मूल वेगळे आहे हे बहुधा आईला प्रथम जाणवते, साधारणतः दीड ते दोन वर्षांच्या सुमारास. हाक मारली तर ते वळून पाहत नाही, पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडल्याचा आवाज त्याला ऐकू येतो. बोट दाखवून वस्तू मागत नाही. आईचा हात धरून तो त्या वस्तूवर ठेवते. आलेले चारदोन शब्दही कधी नाहीसे होतात. ‘बापही उशिराच बोलला होता, बोलेल की’ हे घरातील पहिले उत्तर असते. जिभेला वेखंड व मध लावणे, जोतिबाला वा अंबाबाईला नवस बोलणे, बाहेरची बाधा उतरवून घेणे हे उपायही होतात. श्रद्धेने कुटुंबाला धीर मिळतो, ही गोष्ट खरी. परंतु मेंदूची जडणघडण वेगाने होत असलेली दोनतीन वर्षे याच काळात निघून जातात व ती परत मिळत नाहीत.

त्यानंतर वैद्यकीय भ्रमंती सुरू होते. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे जिल्ह्याचे मोठे शासकीय रुग्णालय. त्याखेरीज सुमारे पन्नास किमी. वरील मिरज ही जुनी वैद्यकनगरी, तर चंदगड व गडहिंग्लज भागातील लोकांना बेळगाव जवळचे. विशेष तपासणीसाठी सुमारे २३० किमी. वरील पुणे गाठावे लागते. कानांची तपासणी, मेंदूचा आलेख, रक्ताच्या चाचण्या होतात व बहुधा त्या निर्दोष येतात. कारण स्वमग्नता दाखविणारी रक्तचाचणी वा क्ष-किरण चित्र अस्तित्वात नाही. निदान निरीक्षणाने व पालकांशी केलेल्या दीर्घ संभाषणानेच होते. त्यासाठी सिकंदराबाद येथील तत्कालीन राष्ट्रीय मनोविकलांग संस्थेने २००९ मध्ये चाळीस प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी तयार केली. तीत सत्तरच्या खाली गुण आल्यास मूल स्वमग्न मानले जात नाही; १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम व त्यापुढे तीव्र असे वर्गीकरण आहे.

निदान झाले म्हणजे उपचार मिळतात असे नाही. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा वाचोपचार हा शहरात राहणाऱ्यालाही खर्चाचा पडतो. शिरोळ वा राधानगरी तालुक्यातील शेतकऱ्याला तर त्यासाठी रोजगार बुडवून एस. टी. ने यावे लागते. बहुतेक वेळा नोकरी सोडावी लागते ती आईला. याच टप्प्यावर घरातील शिक्षणाचे महत्त्व प्रत्ययास येते. दिवसाचा क्रम चित्रांच्या ओळीने भिंतीवर लावणे (आंघोळ, न्याहारी, रिक्षा, शाळा), एक काम झाले की त्याचे चित्र काढून ठेवणे, न बोलणाऱ्या मुलाने पाण्याचे चित्र हाती दिले की लगेच पाणी देणे, या पद्धती साध्या व स्वस्त आहेत. कापड दुकानाच्या जुन्या दिनदर्शिकेवरील चित्रे कापूनही त्या राबविता येतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ पासून विकसित झालेल्या अध्यापनपद्धतीचा गाभाही दृश्य मांडणी व पालकांचा सहभाग हाच आहे.

ग्रामीण भागाचे काही वेगळे प्रश्न आहेत. अनेक स्वमग्न मुलांना घरातून निघून जाण्याची सवय असते, पाण्याचे आकर्षण असते, आणि नावाने हाक मारली तर ती ओ देत नाहीत. पंचगंगेच्या काठच्या गावांत, जेथे दाराशी विहीर आणि शिवारात पुरुषभर उंचीचा ऊस आहे, तेथे याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. अशा गावी मुलाला ओळखणारी गल्ली ही सर्वांत मोठी सुरक्षितता ठरते. दुकानदार, दूध संकलन केंद्रावरील माणसे, अंगणवाडी सेविका, रिक्षावाले यांना मुलाविषयी आधीच सांगून ठेवणारे पालक कमी त्रासात राहतात, तर लाजेपोटी मूल लपविणाऱ्यांचा भार वाढतो. उलट बाजूही आहे. गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकांच्या भिंती ज्या आवाजाने पेठा हादरवितात, तो अशा मुलाला शारीरिक वेदनेइतका असह्य होतो. म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीच्या काळात मुलाला घेऊन नातेवाइकांकडे जाणे हाच काही कुटुंबांपुढे मार्ग उरतो. पुराच्या वेळचे स्थलांतरही असेच बिकट असते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत जिल्ह्यातील हजारो लोकांना घरे सोडावी लागली. नित्यक्रमावर ज्याचे सारे स्वास्थ्य अवलंबून आहे अशा मुलासाठी गर्दीची निवारा-छावणी ही पुराहून मोठी आपत्ती ठरू शकते. आपत्कालीन नियोजनात या मुलांसाठी एक शांत खोली राखणे फार खर्चाचे नाही.

परस्पराधार : शाळेच्या व्हरांड्यात मुलाची वाट पाहणाऱ्या आया हा पालकसंघटनांचा खरा उगम होय. कोणते वैद्य नीट ऐकून घेतात, शौचाची सवय कशी लावावी, केस कापताना काय करावे, प्रमाणपत्रासाठी कोणत्या वारी जावे, ही माहिती तेथे हस्तांतरित होते. ग्रंथांत ती सापडत नाही. मोठ्या मुलाची आई लहान मुलाच्या आईला जे सांगते त्याला तज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा वेगळे वजन असते. पुढे काय होणार आहे, हे तिने पाहिलेले असते. आपल्यासारखे दुसरे घर आहे हे कळणे हीच अनेकांच्या बाबतीत पहिली मदत ठरते. बापांची उपस्थिती अशा मेळाव्यांत अद्यापही कमी असते. भावंडांचा विचार तर क्वचितच होतो. आईबापांचे सारे लक्ष एका मुलाकडे गेलेल्या घरात दुसरे मूल लवकर मोठे होते. देशभरातील पालकसंघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ मध्ये स्थापन झाला.

कायदा : या महासंघासारख्या संघटनांच्या प्रयत्नांचे फळ कायद्यात उतरले, पण टप्प्याटप्प्याने. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी न्यास स्थापन केला व भारतीय कायद्यात स्वमग्नतेला प्रथमच नाव मिळाले. तथापि सवलतींसाठी लागणाऱ्या अपंगत्व-प्रमाणपत्रावर तिला स्वतंत्र रकाना नव्हता, आणि पालकांना ‘मतिमंद’ असा शेरा मान्य करून दाखला घ्यावा लागे. बुद्धी शाबूत असलेल्या मुलाला तोही मिळत नसे. २०११ च्या जनगणनेतही स्वमग्न व्यक्तींची वेगळी मोजदाद झाली नाही. स्वमग्नतेच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ च्या एप्रिलमध्ये निघाली, आणि त्याच वर्षी मंजूर होऊन एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वांची संख्या एकवीस केली. त्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. नाव आणि दाखला यांमधील हे अंतर सुमारे सतरा वर्षांचे होते. त्या काळात एक पिढी शालेय वय ओलांडून गेली. न्यासाच्या निरामय योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाचा विमा मिळतो व त्यात बाह्यरुग्ण उपचारांचाही अंतर्भाव होतो. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला.

आईवडिलांच्या पश्चात : मूल लहान असताना पालकांचा प्रश्न ‘बोलेल का’ हा असतो, ते वीस वर्षांचे झाले की तो ‘आमच्या मागे कोण’ असा होतो. विशेष शाळा साधारणतः अठरा वर्षांपर्यंत मुलाला ठेवून घेते. नंतर संरक्षित कार्यशाळा, तेथे जागा असल्यास, अन्यथा घर. महाराष्ट्रात या प्रश्नाला पालकांनीच दिलेली दोन उत्तरे उल्लेखनीय आहेत : बदलापूर येथील ‘आधार’ व डोंबिवलीजवळील खोणी गावचे, अमेय पालक संघटनेने चालविलेले ‘घरकुल’. या निवासी संस्थांत प्रौढ मुलांचे स्वयंपाकातील, बागेतील काम, सण, आजारपण सारे एकत्र होते व व्यवस्थापनात पालक असतात. त्यांतील रहिवासी प्रामुख्याने बौद्धिक अक्षमता असलेले आहेत. केवळ स्वमग्न प्रौढांसाठीच्या निवासव्यवस्था राज्यात अत्यल्प आहेत. ज्या कोल्हापूरने विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा पायंडा पाडला, त्याच्या पुढील काळातील वसतिगृह कदाचित हेच असावे लागेल. अशी जागा आईबाप जिवंत असतानाच सुरू व्हावी लागते, कारण मुलाला नव्या घराची सवय होण्यास वर्षे लागतात.

मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याने सज्ञान ठरते व आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट अनेकांना बँकेत खाते उघडताना प्रथम कळते. राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती असे सदस्य असतात. कायदेशीर पालकाच्या नेमणुकीसाठी आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तिच्याकडे अर्ज करू शकतात. त्या व्यक्तीला पालकाची गरज आहे किंवा नाही व कोणत्या बाबींसाठी आहे, हे समिती ठरविते. नेमल्या गेलेल्या पालकास सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावी लागते व दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. कर्तव्यात कसूर झाल्यास त्याला दूर करता येते, आणि त्यासाठी तक्रार करण्याचा अधिकार आईवडिलांना, नातेवाइकांना व नोंदणीकृत संस्थेलाही आहे.